दम लागतो? जुनी नोकरी आठवा

भिसेगाव-कर्जतची कितीतरी माणसे वर्षानुवर्षे पहाटेची लोकल धरून ठाणे-मुंबईच्या कारखान्यांत कामाला गेली. आज ती साठी-सत्तरीत आहेत. यांच्यापैकी कोणी चढावर दम लागतो, कोरडा खोकला हटत नाही, अशी तक्रार घेऊन आले की मी प्रथम विचारतो, "काम कशाचे होते?" उत्तर 'सिमेंटचे पत्रे' किंवा 'ब्रेक लायनिंग' असे आले, तर ॲस्बेस्टोसिसची शंका घ्यावी लागते.

ॲस्बेस्टॉस हे न जळणारे तंतुमय खनिज. कापताना, घासताना त्याची धूळ उडते. त्यातील अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांत जाऊन रुततात. शरीराला ते पचवता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण धरतात आणि स्पंजासारखे मऊ फुफ्फुस कडक होत जाते. हे सारे इतके सावकाश होते की त्रास बहुधा २० किंवा अधिक वर्षांनी, म्हणजे अनेकदा निवृत्तीनंतर जाणवतो. मग 'वय झाले', 'दमा आहे' अशी समजूत करून घेतली जाते.

मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्यांपैकी सुमारे पाचांत एकाला हा रोग आढळला.

छातीचा एक्स-रे, फुंकण्याची तपासणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांवरून निदान होते. थुंकी तपासून क्षयही पाहावा. कडक झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. मात्र श्वासाचे व्यायाम, फ्लू-न्यूमोनियाच्या लसी आणि वेळप्रसंगी ऑक्सिजन यांनी आराम पडतो. विडी-सिगारेट आजच सोडा! ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या गृहिणींनाही धोका असतो, हे डॉक्टरांना सांगावे. घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे शाबूत असतील तर घाबरू नका. पण ते करवतीने कापू नका, फोडू नका. काढायचेच झाले तर पाणी मारून अखंड उतरवा.

ॲस्बेस्टोसिस हा कायद्याने मान्य असलेला व्यवसायजन्य रोग आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला आणि भरपाईचा हक्कही मान्य केला. तेव्हा हजेरीकार्ड, पगारपावत्या, कामगार विम्याचे कार्ड रद्दीत घालू नका. तपासणीला येताना ते कागद आणि जुने एक्स-रे बरोबर आणा.