दुरुस्त केलेली मालमोटार : घ्यावी कीं सोडावी?

दारव्ह्याचा कापूस एके काळीं आगगाडीनें बाहेर पडत असे. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी आणि लोकांनीं ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखलेली ती अरुंद रुळांची गाडी आतां थांबली आहे. कापसाच्या गाठी, सरकी, सोयाबीन, तूर, सारा माल आज सडकेनें जातो. ज्या घरांत थोडी शिल्लक जमली आहे आणि एखादा कर्ता मुलगा कामाच्या शोधांत आहे, त्या घरांत मालमोटार घेण्याचा विचार निघतो तो यामुळेंच. नवी मोटार बहुधा आवांक्याबाहेर असते. म्हणून वापरलेली पाहावयाची असें ठरतें. आणि पाहूं लागलें म्हणजे एक दिवस अशी एक मोटार समोर येते कीं, तिच्या जोडीच्या इतर मोटारींपेक्षां ती तिसऱ्या हिश्श्यानें स्वस्त असते. चौकशी करतां कळतें कीं, मोटार अपघातांत सांपडली होती, परंतु “आतां अगदीं नव्यासारखी केली आहे.”

अशी मोटार घ्यावी कीं घेऊं नये, या प्रश्नास एका शब्दांत उत्तर नाहीं. परंतु उत्तर शोधण्याची वाट मात्र निश्चित आहे.

प्रथम ही स्वस्ताई येते कोठून तें पाहिलें पाहिजे. मोटारीचा विमा उतरवितांना तिची एक किंमत ठरविली जाते. मोटार एक ते दोन वर्षांची असेल तर नव्या किंमतींतून २० टक्के, चार ते पांच वर्षांची असेल तर ५० टक्के, अशा रीतीनें वयाप्रमाणें घट धरून हा आंकडा निघतो. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च या ठरीव किंमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी ती मोटार पूर्णपणें बुडाली असें मानते. मग कधीं मोडलेला सांगाडा लिलावानें विकला जातो. कधीं त्याचें मोल वजा करून उरलेली रक्कम मालकास मिळते आणि सांगाडा मालकाकडेच राहतो. तो सांगाडा कोणी तरी विकत घेतो, कारागिराकडून उभा करवितो, रंग देतो आणि बाजारांत आणतो. म्हणजे ज्या मोटारीची दुरुस्ती जाणत्या हिशेबनिसांनीं परवडणारी नाहीं असें ठरविलें, तीच कोणी तरी त्याहून पुष्कळ कमी खर्चांत दुरुस्त केलेली असते. हा कमी खर्च कोठें कोठें वांचविला, हाच सगळा प्रश्न आहे.

अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत अशा मोटारीच्या मालकीपत्रावरच ‘पुन्हा उभारलेली’ असा शिक्का मारतात; तो पुढील प्रत्येक गिऱ्हाइकास दिसतो. आपल्याकडील नोंदणी-पुस्तकांत तसा शिक्का नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५५ वें कलम इतकें सांगतें कीं, वाहन नष्ट झालें किंवा कायमचें निकामी झालें, तर मालकानें चौदा दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर मोटारखात्यास कळवून नोंदणी-पुस्तक परत करावें. मग नोंदणी रद्द होते. परंतु जी मोटार निकामी झाल्याचें कोणी कळविलेंच नाहीं, तिची नोंदणी पूर्ववत् चालूच राहते. म्हणून येथें शिक्क्याचें काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना करावें लागतें.

त्यांतही एक वाईट प्रकार असा कीं, चुराडा झालेल्या मोटारीचें फक्त पुस्तक आणि क्रमांक विकत घ्यावयाचे आणि ते चोरीच्या मोटारीवर चढवावयाचे. म्हणून पहिली तपासणी चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकाची. अलीकडच्या मोटारींचा हा क्रमांक सतरा अक्षरांकांचा असतो आणि त्यांत इंग्रजी आय, ओ व क्यू हीं अक्षरें वापरीत नाहींत. क्रमांकाभोंवतीं घांसल्याच्या खुणा, ताजा रंग, वितळजोड किंवा ओळींत न बसणारें एखादें अक्षर दिसलें, तर तेथूनच परत फिरावें. इंजिनाचा क्रमांकही पुस्तकाशीं ताडून पाहावा. नोंदणी यवतमाळची, म्हणजे एमएच-२९ ची, असो वा दुसऱ्या जिल्ह्याची, मोटारखात्याच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर क्रमांक घालतांच योग्यता प्रमाणपत्र, कर, विमा आणि तारण यांची स्थिति कळते. विक्रेत्याकडे मागील विमापत्रें आणि अपघाताच्या दाव्याचे कागद मागावेत. सर्व्हेयरच्या अहवालांत काय मोडलें होतें तें लिहिलेलें असतें. जो विक्रेता हे कागद आपण होऊन पुढें ठेवितो, त्याच्याशीं बोलणी करण्यास हरकत नाहीं. जो “कागद हरवले” म्हणतो, त्याच्या मोटारीची किंमत वाईटांत वाईट गोष्ट घडली होती असें धरूनच करावी.

आतां प्रत्यक्ष मोटार. अपघातानें होणाऱ्या हानीचे तीन वर्ग करावेत. पहिला, पुढची केबिन व पत्रा चेपल्याचा. हे भाग बदलतां येतात आणि बदलल्यावर मोटार पूर्ववत् होऊं शकते. दुसरा, चेसिस वाकल्याचा किंवा चिरल्याचा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे मिळून चेसिस बनते. सारा भार तिच्यावर. वाकलेली तुळई तापवून सरळ केली किंवा चीर जाळून सांधली, तर त्या ठिकाणचें पोलाद मूळचा कस गमावूं शकतें आणि भरल्या गाडीखालीं तेथेंच पुन्हा तडा जातो. तिसरा वर्ग पाण्यांत बुडाल्याचा व आगीचा. १ एप्रिल २०२० पासून नोंदल्या जाणाऱ्या मोटारी भारत-६ या धूर-मर्यादेच्या आहेत. त्यांत विजेच्या सूक्ष्म यंत्रणेचें जाळें असतें. तारांच्या जोडांत शिरलेलें पाणी महिनोन् महिने गप्प बसतें आणि मग एखाद्या रात्रीं घाटांत मोटार बंद पाडतें. पहिल्या वर्गाचा विचार करावा. दुसरा व तिसरा शक्य तों टाळावा.

चेसिस सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. सपाट फरसबंद जागेवर मोटार उभी करावी. दोन्ही तुळयांवरील समोरासमोरच्या ठिकाणांहून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनें खुणा कराव्यात, आणि डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत, तसेंच उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत अंतर मोजावें. चौकोन काटकोनांत असेल तर दोन्ही तिरप्या रेषा सारख्याच भरतील. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचें अंतरही दोन्ही बाजूंनीं मोजावें. मग चाकें ओलीं करून मोटार कोरड्या जागेवरून सरळ चालवावी. मागच्या चाकांच्या खुणा पुढच्यांच्या दोन्ही बाजूंस सारख्या पडल्या नाहींत, तर मोटार तिरपी धांवते आहे. टायरची एकच कड झिजलेली असणें, मूळच्या रिव्हेटांच्या जागीं बोल्ट असणें, जुन्या चेसिसवर एकाच हाताएवढा ताजा रंग असणें, हीं सारीं चिन्हें बोलकीं आहेत.

एखाद्या गिरणीच्या आवारांत मामा आणि भाचा अशी मोटार पाहावयास गेले आहेत असें समजा. भाचा हरखून म्हणतो, “मामा, रंग पाहा, कालच कारखान्यांतून आल्यासारखी दिसते!” मामा म्हणतात, “बापू, रंगावर माल लादावयाचा नाहीं. बॅटरी घे आणि खालीं शीर.” या एका वाक्यांत अर्धें मोटारशास्त्र आलें. उरलेलें अर्धें म्हणजे विक्रेत्याशीं संबंध नसलेला जाणता मिस्त्री स्वतःच्या पैशानें बरोबर नेणें आणि मोटार रिकामी नव्हे, तर भार घालून चालवून पाहणें.

यानंतर हिशेब. केवळ उदाहरणादाखल धरूं कीं, निर्दोष मोटार १२ लाखांस मिळते आणि दुरुस्त केलेली ८ लाखांस. उघड बचत ४ लाखांची. परंतु तीन वर्षांनीं विकतांना निर्दोष मोटारीचे ७ लाख आले, तर दुरुस्त मोटारीचे ४ लाखच येतील. कारण पुढचा गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारणार. म्हणजे एकीवर घट ५ लाख, दुसरीवर ४ लाख. खरी बचत १ लाख. हातीं राहिलेल्या ४ लाखांवर दरसाल १० टक्के सरळ व्याज धरिलें तर तीन वर्षांत १ लाख २० हजार. एकूण लाभ २ लाख २० हजार झाला. आतां दुरुस्त मोटारीवर अधिक होणारी डागडुजी ७५ हजार, आणि कापसाच्या हंगामांत ती २५ दिवस उभी राहिली तर रोजच्या ३ हजारांप्रमाणें बुडणारें उत्पन्न ७५ हजार, हे दीड लाख वजा केले. उरले ७० हजार. तीन वर्षांच्या धास्तीचें मोल एवढेंच, आणि एका मोठ्या बिघाडांत तेंही जातें. हीच मोटार साडेसहा लाखांस मिळाली आणि पुढें साडेतीन लाखांस विकली, तर त्याच हिशेबानें लाभ २ लाख १५ हजारांवर जातो. मोटार तीच, परंतु पहिला सौदा सोडण्याजोगा, दुसरा विचार करण्याजोगा. आपले आंकडे घालून हा हिशेब प्रत्येकानें कागदावर मांडावा.

सौदा ठरलाच, तर कागदांत कसूर नको. मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३०. मोटारीवर कर्जाचें तारण असल्यास तें फेडल्याचा नमुना ३५. नोंदणी दुसऱ्या कार्यालयाची असल्यास ना-हरकतीचा नमुना २८. कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत हस्तांतर कळवावें लागतें. हें दोघांच्याही हिताचें आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत स्पष्ट केलें कीं, मोटार कोणाच्याही ताब्यांत असो, नोंदणी ज्याच्या नांवावर तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक. नव्या विम्याच्या वेळीं जुना अपघात लपवूं नये. लपविलेली गोष्ट दाव्याच्या दिवशीं बाहेर येते. मोटार आठ वर्षांची झाली कीं योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांऐवजीं दरवर्षीं घ्यावें लागतें आणि महाराष्ट्रांत पर्यावरण करही पडतो. हे खर्च किंमत ठरवितांनाच मनांत धरावे.

शेवटीं घराची कुवत पाहावी. ज्याच्याकडे दुसरी मोटार आहे, स्वतःचा मिस्त्री आहे, त्यास असा सौदा साधूं शकतो. एक मोटार उभी राहिली तरी त्याची चूल थांबत नाहीं. परंतु ज्या घरानें शेत गहाण ठेवून किंवा निवृत्तीची पुंजी मोडून ही एकच मोटार घ्यावयाची आहे, त्यानें अधिक जुनी, साधी, पण न मोडलेली मोटार घ्यावी. हिशेबाच्या वहींत न मांडतां येणारी आणखी एक बाब आहे. त्या मोटारीच्या बैठकीवर रात्रीं-अपरात्रीं बसणारा घरचाच मुलगा असतो, आणि समोरून येणाऱ्या एस.टी.तही कोणाचीं तरी मुलें असतात. चेसिस सरळ आहे अशी खात्री जेथें पटत नाहीं, तेथें किंमत कितीही उतरली तरी ती मोटार महागच होय.