सी.बी. रेडिओ : वॉट वाढवले म्हणजे आवाज पोहोचतो काय?

मालाची गाडी रस्त्यावर असताना चालकाची खबर वेळेवर मिळणे, ही व्यापारातली मोठी सोय आहे. अमेरिकेतील ट्रकचालकांनी हे काम सी.बी. म्हणजे सिटिझन बँड रेडिओकडून करून घेतले. २७ मेगाहर्ट्झवरील ही सेवा तेथे १९५८ साली सुरू झाली. १९७३ च्या तेलटंचाईत कोणत्या पंपावर डिझेल आहे, हे चालक एकमेकांना याच रेडिओवरून कळवू लागले. १९७७ पासून तेथे ४० चॅनेल आहेत. त्यांपैकी १९ नंबरवर ट्रकवाल्यांची बोलणी चालतात आणि ९ नंबर संकटकाळासाठी राखून ठेवलेला आहे.

कायद्याने या रेडिओची शक्ती माफक ठेवली आहे. अमेरिकेत ए.एम. व एफ.एम.वर ४ वॉट आणि सिंगल साइडबँडवर १२ वॉट ही मर्यादा आहे. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातील ५ वॉटपर्यंतच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. तरीही बाजारात ५०-१०० वॉटचे सेट दिसतात. त्यांपैकी बरेच सेट मुळात २८ ते २९.७ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यासाठी असतात आणि तेथे परवानाधारक हॅमनेच ते वापरायचे असतात. त्यांच्या पुढच्या बाजूला शक्ती कमी-जास्त करण्याचे बटन असते. हे बटन पूर्ण फिरवले की काम झाले, असा अनेकांचा समज आहे. त्यातच सेटही जातो आणि पैसाही.

आधी साधा हिशेब पाहू. वॉट चौपट केले तर समोरच्या रेडिओच्या सिग्नल मीटरवर एकच एस-अंक वाढतो. म्हणजे ४ चे १६ वॉट केले तर एक अंक आणि थेट १०० केले तरी जेमतेम सव्वादोन अंक. शिवाय बोलणे दोन्ही बाजूंनी असते. आपला १०० वॉटचा आवाज दूर गेला, पण समोरच्याचा ४ वॉटचा जबाब आपल्यापर्यंत आलाच नाही, तर सौदा एकतर्फीच राहिला. म्हणून खर्च करायचा तर आधी चांगल्या एरियलवर करावा. चांगल्या एरियलने बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारते.

आता ए.एम.ची खुबी. बोलणे नसताना जी लहर बाहेर पडते तिला वाहक लहर म्हणतात. पूर्ण आवाजात बोलले की तिची शक्ती शिखरावर चौपट होते. २५ वॉटची वाहक लहर शिखरावर १०० वॉटला जाते. आमचे शिंपी बांधव कापड कापताना शिलाईसाठी माया सोडतात, तशी येथे आवाजासाठी माया सोडावी लागते. १०० वॉटच्या सेटवर वाहक लहरच ८० वॉटला लावली, तर आवाजाला वाढायला जागा उरत नाही. मग आवाज फाटतो, शेजारच्या चॅनेलवर घाण पसरते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जळतात.

दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या कारागीर बांधवांनी हा क्रम ठेवावा.

१. कमी शक्तीवर एरियलचा एस.डब्ल्यू.आर. पाहावा. पहिले, मधले आणि शेवटचे, तिन्ही चॅनेल तपासावेत. १.५ पर्यंत उत्तम, २ पर्यंत चालेल. ३ च्या वर काटा गेला तर बोलण्याची कळ दाबूच नये. आधी एरियल, केबल आणि अर्थिंग दुरुस्त करावे.

२. पुढची जुळणी एरियलवर करू नये, ५० ओहमच्या डमी लोडवर करावी. डमी लोड सेटच्या पूर्ण वॉटचा भार सोसणारा असावा.

३. वीज १३.८ व्होल्टच्या आसपास हवी. गाडीत बॅटरीपासून थेट जाड तार आणि फ्यूज घ्यावा. तार बारीक असली तर कळ दाबताच व्होल्टेज पडते.

४. शक्तीचे बटन सर्वांत खाली ठेवावे. न बोलता कळ दाबून वॉटमीटर पाहत ते हळूहळू वाढवावे. सेटच्या शिखर-वॉटच्या चौथ्या भागावर थांबावे.

५. मग नेहमीच्या आवाजात बोलावे. बोलताना मीटरचा काटा वर जायला हवा. तो मागे पडला तर बटन जास्त फिरवले आहे, खाली आणावे.

६. झाकण उघडून आतले स्क्रू फिरवू नयेत. वॉट थोडे वाढलेले दिसतात, पण सेटचे आयुष्य घटते.

अमेरिकेत सी.बी. चॅनेलवर बोलायचे तर ए.एम.ची वाहक लहर ४ वॉटच्या वर नेता येत नाही. बटन सर्वांत खाली आणूनही मीटर त्याहून जास्त दाखवत असेल, तर तो सेट सी.बी.चा नव्हे, असे समजावे. आपल्याकडे असा सेट विकत घेण्यापूर्वी किंवा दुकानात ठेवण्यापूर्वी दूरसंचार विभागाचा चालू नियम पाहून घ्यावा आणि ग्राहकालाही तो स्पष्ट सांगावा. बेकायदा वॉटचा माल खपवला तर जप्तीची भीती कायमची मागे लागते. चार वॉटचा नीट जुळवलेला सेट मात्र मालकाला वर्षानुवर्षे साथ देतो.