कडीच निरोप घेऊन जाते तेव्हा

जबलपूरहून शहपुऱ्याच्या वाटेला लागलं की कुंडम येतं. चैत्रात इथल्या अंगणांतून मोहाची फुलं वाळत पडलेली असतात. त्यातली काही ओली राहून आंबली, की त्यांच्यावर चिलटं घिरट्या घालू लागतात. तिळाएवढा जीव, लालभडक डोळे. मोह आंबल्याची बातमी त्याला कळते कशी? वासावरून. म्हणजे त्याला मज्जापेशी आहेत, मेंदूही आहे. तो घडतो कसा हे ऐका, मग चिलट वारायला हात उचलणार नाही!

याच कुळातल्या ड्रोसोफिलाचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर. दिवसभरात त्यातून अळी बाहेर येते. पहिल्या काही तासांतच गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला पाच-सहा पेशींचे घोळके तयार होतात. घोळक्यातली प्रत्येक पेशी मज्जासंस्थेची जननी होऊ शकते. होते मात्र एकच, बाकीच्या त्वचा होतात. निवड कोण करतं? कुणीच नाही. त्या आपसांत ठरवतात!

प्रत्येकीच्या अंगावर दोन प्रथिनं असतात. डेल्टा बोलतं, नॉच ऐकतं. निरोप एकच: ‘मी होतेय, तू थांब.’ जी किंचित मोठ्याने बोलते, ती शेजारणींचा आवाज आणखी खाली आणते.

पण नुसत्या प्रथिनांनी हे संभाषण होत नाही. त्यांच्यावर विकरांचा हात फिरावा लागतो. नॉच म्हणजे 36 मण्यांची माळ. एक विकर त्यातल्या कित्येक मण्यांवर फ्यूकोज नावाची साखर चिकटवतं. ते विकर नसेल तर नॉच बहिरं. तिकडे शेजारणीत न्यूरलाइज्ड नावाचं विकर डेल्टाला युबिक्विटिनची चिठ्ठी बांधतं: हे आत ओढा. पेशी डेल्टाला गिळू लागते, पण डेल्टाने तर नॉचला धरलेलं असतं! ओढाताण होते, नॉचची घडी उलगडते आणि आत लपलेली जागा उघडी पडते. तिथे कुझबेनियन ही विकराची कात्री चालते.

दुसरी कात्री तर कमालच करते. प्रथिन तोडायला पाणी लागतं. ही मात्र पेशीच्या तेलकट पापुद्र्याच्या आत बसून कापते, म्हणजे तेलात राहून पाणी वापरते! तुटलेलं टोक थेट पेशीकेंद्रात जाऊन जनुकांना सांगतं: थांबा. दाराची कडी वाजावी आणि कडीच निखळून निरोप सांगायला घरात जावी, तसं हे. एक नॉच, एकच निरोप.

1910च्या दशकात जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत पंखाच्या कडेला खाच असलेल्या माश्या सापडल्या, म्हणून नॉच, म्हणजे खाच, हे नाव. 1930च्या दशकात डोनाल्ड पोल्सन यांनी नॉचचं जनुक नसलेले गर्भ पाहिले. त्वचा व्हायची त्या जागीही मज्जापेशीच! थांबायला सांगणारंच कुणी नाही. असा गर्भ जगत नाही.

आणि चिलटाचं नाक? मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकींकडे आल्या आणि माशीच्या गंधज्ञानात रमल्या. 1997 साली त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की मिशांवरची वासाची इंद्रियं घडताना पेशीची वंशावळ पुरत नाही, शेजारणींशी बोलणंही लागतं.

आईच्या पोटात तुमची-आमची मज्जासंस्था घडली तेव्हाही ती तेलातली कात्री चालत होती. तिच्या पात्याचं नाव प्रेसेनिलिन. काही घराण्यांत याच पात्यात पिढीजात दोष असतो, आणि तिथे ऐन चाळिशी-पन्नाशीत अल्झायमर गाठतो.