कचारगडचा ऑपेरा कोणत्या गटात बसवणार?

दरेकसा म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना हाजरा फॉल आठवतो. पावसाळ्यात तिथं रील काढायला झुंबड असते. पण दरेकसा स्टेशनवर उतरून धबधब्याऐवजी धनेगावची वाट धरली, तर कचारगडच्या गुहा लागतात. तिथली गोष्ट एखाद्या ऑपेराला पुरून उरेल.

गोंड समाजात ती अशी सांगतात. कली कंकाली मातेची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर प्रचंड शिळा. पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेर बसून किंगरी छेडली. त्या सुरांनी मुलांच्या अंगात असं बळ आलं की सगळ्यांनी मिळून दगड लोटला. मुलं सुटली, पण हिरासुका त्याच शिळेखाली सापडला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. तरी वादकच हिरो आणि त्याच्याच सुरांमुळे त्याचा शेवट, असा क्लायमॅक्स सहज सुचत नाही राव.

ऑपेरा म्हणजे गाऊन मांडलेलं नाटक. एक जण शब्द लिहितो, दुसरा संगीत रचतो. पाश्चात्त्य देशांत आता या दोघांसाठी खास स्पर्धा आणि अनुदानं असतात, तीही ज्या समाजांना हा मंच मिळालाच नाही त्यांच्यासाठी. याची गरज का पडली? न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ मध्ये उघडलं. तिथं कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा झाला थेट २०२१ मध्ये, टेरेन्स ब्लँचर्ड यांचा. मधल्या १३८ वर्षांत एकही लायक माणूस नव्हता, हे कुणाला पटेल?

आपणही हसायचं कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो, त्याचं हे नाटक. ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं आणि कमिटीने ते नाकारलं. संगीत नाटकाचा डंका वाजला तो पुढे १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून.

आज राज्य शासनाच्या नाट्य स्पर्धेत मराठी, हिंदी, संगीत, संस्कृत, बालनाट्य असे गट आहेत. गोंडीचा गट नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे देशभरात २४,८२१ होते, गोंडी सांगणारे २९ लाखांवर. संस्कृतचा गट काढून टाका असं कोणी म्हणत नाहीये. पण हिशेब तरी बघा!

युवा महोत्सवात अडचण वेगळीच. लोकवाद्यवृंद एका मंचावर, एकांकिका दुसऱ्या, समूहगीत तिसऱ्या. परधान कथेकरी किंगरी वाजवतो, गातो आणि गोष्टही सांगतो. त्याचे तीन तुकडे करून तीन परीक्षकांपुढे ठेवले, तर कचारगड उरतो कुठे?

यावर कोणी म्हणेल, झाडीपट्टीला कुठे लागली स्पर्धा? खरंय. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने इथं रात्रभर नाटक चालतं, पब्लिक तिकीट काढून येतं, गाण्याला वन्स मोअर देतं. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण झाडीपट्टीची कंपनी तिकिटावर जगते. नवख्या पोराच्या पहिल्या गोंडी संगीत नाटकावर ती पैसे का लावेल? तो धोका स्पर्धेने घ्यायचा असतो.

त्यासाठी मुंबईकडे बघत बसायची गरज नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजलाही हे जमेल. गोंडी बोलणारा एक लेखक, गाणं जाणणारा एक जोडीदार, वीस मिनिटांचा प्रयोग. भाषा गोंडी, झाडीबोली, काहीही चालेल. परीक्षकांत एक तरी परधान वादक हवा आणि त्याला इतरांइतकंच मानधन. गोष्ट समाजाची, श्रद्धेची आहे, म्हणून लिहिण्याआधी जाणत्यांना विचारायचं. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. विचारायला तेव्हाच जाता येईल.