भाव आणि त्याचे भाऊबंद

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील दगडी मंडई १८८६ साली सुरू झाली. अष्टकोनी मनोऱ्याच्या या इमारतीला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. जागा बदलली, इमारतीचे नावही पुढे बदलले, पण येथील एक शब्द आजतागायत टिकून आहे. तो शब्द म्हणजे ‘भाव’.

‘भू’ म्हणजे असणे, या संस्कृत धातूपासून आलेल्या ‘भाव’ या शब्दाचा पसारा थक्क करणारा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे एकूण ४९ भाव सांगितले आहेत. भक्ताच्या मनात असते तोही भाव, ज्योतिष्याच्या कुंडलीत बारा घरे असतात तेही भाव. बाजारात मात्र त्याचा अर्थ वस्तूला या घटकेला मिळणारे पैसे. म्हणूनच भाव जिवंत असल्यासारखा वागतो: तो फुटतो, चढतो, उतरतो, पडतो, कोसळतो. तो बाजारातून माणसांतही शिरला आहे. एखादा उगाच भाव खातो आणि मग त्याला कोणी भाव देत नाही.

‘दर’ हा फारसी वळणाचा शब्द. दररोज, दरडोई, दरसाल यांत ‘प्रत्येक’ या अर्थाने आपण तो रोज वापरतो. दर म्हटला की परिमाण आलेच. पुण्याच्या मार्केट यार्डातील दरपत्रकात फळभाज्या दहा किलोला, तर पालेभाज्या शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना, अशा दिलेल्या असतात. लासलगावचा कांदा क्विंटलवर बोलला जातो. तीच भाजी मंडईच्या गाळ्यावर आली की पावकिलोवर आणि एकेका जुडीवर येते. दशमान वजने येऊन सहा दशके उलटली, शेर गेला, तरी त्याच्या चौथाईचा ‘पाव’ जिभेवर राहिलाच.

‘किंमत’ अरबीतून फारसीमार्गे आली. ‘मोल’ मात्र संस्कृत ‘मूल्य’ या शब्दाचे घरगुती रूप. दोन्हींचा अर्थ कोशात जवळजवळ सारखा, पण जागा वेगळ्या. किंमत पावतीवर लिहिता येते. मोल जाणावे लागते, म्हणून कष्टाचे मोल असते आणि उपकार अनमोल असतात. मंडई बांधायचे ठरले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारतीची किंमत आणि शिक्षणाचे मोल यांचाच तो वाद होता. नंतर त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

‘निरख’ आता जुन्या कागदांतच सापडतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ सरकारने ठरवून दिलेला दर, आणि त्याची यादी म्हणजे निरखनामा. पेशवाईत शहरातील जिनसांच्या दरांवर नजर ठेवणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक होते. ‘निरखून पाहणे’ याच्याशी या शब्दाचे नाते नाही. ते क्रियापद संस्कृत ‘निरीक्षण’च्या घरातले.

सर्वांत लांबचा प्रवास ‘दाम’चा. ग्रीकांचे ‘द्राख्मे’ हे नाणे भारतात ‘द्रम्म’ झाले. शिलाहार आणि यादव यांच्या लेखांत द्रम्मांचा उल्लेख येतो. त्याचाच पुढे ‘दाम’ झाला. अकबराच्या काळात चाळीस तांब्याच्या दामांचा एक रुपया होत असे. चमडी गेली तरी न सुटणारी ‘दमडी’ही याच कुळातली.

भाव ठरण्याच्या रीतींनाही स्वतःचे शब्द आहेत. ‘लिलाव’ पोर्तुगिजांकडून आला. त्याच्या उलट ‘हत्ता’: उपरण्याखाली हात घालून अडत्या आणि व्यापारी एकमेकांची बोटे दाबत आणि सौदा पक्का करत. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला आकडा कळतच नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला तो यासाठीच. घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तसा लिलावही तिकडे गेला. मंडईत उरली ती घासाघीस. तिची सुरुवात ‘मेथी कशी दिली?’ या प्रश्नाने होते आणि त्यात वरच्यापैकी एकही शब्द लागत नाही.

या कुटुंबातील सर्वांत धाकटा शब्द ‘हमीभाव’. केंद्राने १९६५ साली कृषी मूल्य आयोग नेमला. त्याच्या शिफारशीवरून ठरणाऱ्या आणि सरकारी कागदावर ‘किमान आधारभूत किंमत’ असलेल्या गोष्टीला शेतकरी हमीभाव म्हणतो. पुण्याजवळच्या चाकणमधून कांद्याचे आंदोलन उभे करणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी घोषणा दिली, तेव्हा जुना द्रम्म पुन्हा रस्त्यावर आला. गहू, भात, तूर, कापूस यांना हमीभाव जाहीर होतो. कांदा, बटाटा, टोमॅटो आणि पालेभाज्या त्या यादीत नाहीत. मंडईतील गाळ्यावर भावाचे जवळजवळ सगळे भाऊबंद भेटतात. हा धाकटा मात्र तेथे अजून पोचलेला नाही.