जमीन मागणारी माणसं

गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या चढाकडे जाणाऱ्या बसवर ‘नागरी निवारा’ अशी पाटी असते. आज ते एका वसाहतीचं नाव आहे. मुळात मात्र ते एका परिषदेचं नाव. मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली होती. ज्यांचा पगार बिल्डरच्या दारात उभं राहण्याइतकाही नाही, अशांना संघटित करून त्यांनी सरकारकडे अनुदान मागितलं नाही, फुकट घरही मागितलं नाही. त्यांनी जमीन मागितली. १९७६च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सरकारने आम्हाला द्यावी, घरं आम्ही आमच्या बचतीतून बांधू, ही त्यांची मागणी. मोर्चे, कोर्टकचेऱ्या आणि मंत्रालयाच्या असंख्य खेपांनंतर ती मान्य झाली. त्यातून सहा हजारांहून अधिक कुटुंबं मुंबईत, मुंबईच्याच हद्दीत, मालकीच्या घरात राहायला गेली.

महाराष्ट्रात घरांच्या धोरणावर गेल्या पाऊणशे वर्षांत कुणी काय मागितलं आणि कुणाला काय मिळालं, याचा हिशेब मांडायला बसलो की मी या बसपाशी येऊन थांबतो. कारण मागणारे पुष्कळ झाले. जमीन मागणारे फार थोडे.

पहिली मोठी मागणी भाडेकरूंची. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या लोंढ्यात तो कायदा नसता तर गिरणगावातली निम्मी बिऱ्हाडं रस्त्यावर आली असती. माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं, त्यामुळे त्या कायद्याचं ऋण मी नाकारणार नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत राहिला आणि भाडं तिथेच राहिलं. मालकाने दुरुस्ती सोडली, नवं कुणी भाड्यासाठी बांधेना, आणि पागडी नावाचा काळा व्यवहार उघड गुपित झाला. १९६९मध्ये उपकर लावून दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाने घेतली, तेव्हा बेटावरच्या शहरात १९,६४२ इमारती उपकरप्राप्त होत्या. त्यांतल्या हजारो अजून टेकू लावून उभ्या आहेत. दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, आणि संक्रमण शिबिरात तात्पुरतं म्हणून गेलेल्यांची नातवंडं तिथेच शाळेत जातात.

१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला कायदेशीर केलं. भाडेकरूंच्या संघटना आणि घरमालकांच्या संघटना यांच्यामधला तो मधला मार्ग होता. शंभर महिन्यांचं भाडं मोजून इमारत भाडेकरूंच्या संस्थेला देण्याची म्हाडा कायद्यातली १९८६ची तरतूद घरमालकांनी न्यायालयात नेली. त्या प्रकरणातून निघालेला घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४मध्ये निकाली काढला. प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असं बहुमताने म्हटलं गेलं. या सगळ्या वर्षांत भाड्याने राहू पाहणाऱ्या नव्या माणसाच्या बाजूने मात्र कुणीच बोललं नाही. तो ११ महिन्यांच्या करारावर राहत आला आणि त्याची संघटना कधी झालीच नाही.

झोपडीवासीयांच्या वाट्याला वेगळंच आलं. १९९५मध्ये युती सरकारने ४० लाख लोकांना मोफत घरं देण्याचं आश्वासन दिलं आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. योजनेचं गणित सोपं होतं. बिल्डरने झोपडीधारकाला फुकट घर द्यायचं, बदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळायचं, ते बाजारभावाने विकून त्याने खर्च आणि नफा काढायचा. सरकारच्या खिशातून रुपया जात नाही, म्हणून ती सगळ्या पक्षांना आवडली. २२५ चौरस फुटांचं घर २६९वर, मग ३००वर गेलं. पात्रतेची तारीख १९९५वरून २०००वर, पुढे सशुल्क घरासाठी २०११वर सरकली. पण तीस वर्षांत उभी राहिलेली घरं अडीच लाखांच्या आसपासच आहेत. जुलै २०२४मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीचं मूल्यमापन करण्याची विनंती मुंबई उच्च न्यायालयाला केली. निमित्त होतं बोरिवलीतल्या वीस वर्षं रखडलेल्या एका योजनेचं.

या गणितातली गोम नीट पाहायला हवी. गरिबाचं घर विक्रीच्या महाग घरातून उभं राहतं. म्हणजे बाजारभाव चढा असेल तरच योजना चालते. वांद्र्याची झोपडपट्टी बिल्डरला हवीशी वाटते, मानखुर्दची वाटत नाही. त्यात मुद्रांक शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार, आणि चटईक्षेत्रावरचं अधिमूल्य महापालिकेच्या उत्पन्नाचा. घरं स्वस्त व्हावीत असं प्रत्येक सरकार म्हणतं आणि ते खोटं बोलतं असं मला वाटत नाही. पण जमिनीचे भाव खरोखर उतरले, तर त्याचं पुनर्वसन धोरणही थांबेल आणि तिजोरीही हलकी होईल. या पेचावर विधिमंडळात मोकळेपणाने चर्चा झालेली मला आठवत नाही.

बिल्डरांच्या संघटनांना हा पेच चांगला कळतो. त्यांचं निवेदन तयार असतं, आकडे तयार असतात, आणि मागणी एका ओळीत मांडता येते: चटईक्षेत्र वाढवा, अधिमूल्य कमी करा, शुल्क उतरवा. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा रद्द केला की जमीन मोकळी होईल आणि घरं स्वस्त होतील, हा युक्तिवाद कित्येक वर्षं चालला. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीसाठी ती अटही होती. नोव्हेंबर २००७मध्ये महाराष्ट्राने कायदा रद्द केला. घरं काही स्वस्त झाली नाहीत. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२०पासून, मुंबईत मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आलं. ८० लाखांच्या घरामागे दोन लाख ४० हजार वाचले. ते ज्यांचे वाचले त्यांना त्याचं मोल होतं. पण सवलतीला किमतीची मर्यादा नव्हती. पंचवीस कोटींच्या घरालाही तीच टक्केवारी लागू झाली आणि तिथे पाऊण कोटी वाचले.

घर घेणाऱ्यांची बाजू महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायतीने नेटाने लढवली, हे आवर्जून नोंदवायला हवं. १९६३चा मोफा कायदा पुस्तकात होता. करार नोंदवणं, जमीन संस्थेच्या नावे करून देणं, सगळं त्यात होतं. तरी हजारो सोसायट्या अभिहस्तांतरणाशिवाय राहिल्या. राज्याने २०१२मध्ये वेगळा नियामक कायदा केला, पण पंचायतीला तो ग्राहकाच्या दृष्टीने अपुरा वाटला आणि तिने केंद्राच्या स्थावर संपदा कायद्यासाठी, म्हणजे रेरासाठी, आग्रह धरला. रेराने राज्याचा कायदा रद्द केला आणि १ मे २०१७पासून महारेरा सुरू झालं. आज प्रकल्पाची नोंदणी, चटई क्षेत्रफळ, ताब्याची तारीख घरबसल्या पाहता येते. माझ्या पिढीने हे सगळं बिल्डरच्या शब्दावर सोडलं होतं. अर्थात रेरा फसवणूक रोखू पाहतो. किंमत ठरवणं त्याच्या कक्षेत नाही.

आता गिरण्यांच्या जमिनीकडे येतो. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम असं सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. सुमारे सहाशे एकरांची ती जमीन, शहराच्या मधोमध. २००१मध्ये नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, ज्यावर बांधकाम नव्हतं तेवढ्याच मोकळ्या जमिनीची झाली. गिरणीत शेड, गोदामं, चिमणी. मोकळी जमीन असणार किती? उच्च न्यायालयाने २००५मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कुणी चाळ पाडली नाही, कुणाला बेघर केलं नाही, एका व्याख्येच्या बदलाने परळ-लोअर परळचा नकाशा बदलला. घरांच्या धोरणातली सर्वांत मोठी उलथापालथ अशी, शांतपणे, नियमावलीच्या एका परिच्छेदात झाली. तिचं दुःख मला अजून आहे.

दत्ता इस्वलकरांसारखे कार्यकर्ते तिथून पुढे उरलेल्या तुकड्यांसाठी भांडत राहिले. जून २०१२मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली, साडेसात लाखांत घर. ज्यांना लागलं त्यांनी देव्हाऱ्यासमोर चावी ठेवली. पण अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात होते. उरलेल्यांना आता बदलापूरच्या पलीकडे वांगणी आणि शेलू सुचवलं जातंय. जुलै २०२५मध्ये आझाद मैदानावर सत्तरी-ऐंशीतले कामगार आणि गेलेल्या कामगारांच्या विधवा त्याविरुद्ध बसल्या होत्या. त्यांची मागणी मुंबईतल्या घराची आहे आणि ती हट्टाची मुळीच नाही. दूरची घरं कुणाला नको असतात, हा धडा म्हाडाला स्वतःला विरार-बोळींजमध्ये मिळालाय. २०२४मध्ये मुंबईतल्या २,०३० घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले, तर बोळींजची घरं वर्षानुवर्षं ग्राहक शोधत राहिली. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती आणि त्याच शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत होती. नुसती घरांची संख्या वाढवून काय साधतं, ते या आकड्यांत दिसतं.

मे २०२५मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, २००७नंतरचं पहिलं. २०३०पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक, नोकरदार स्त्रिया, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी भाड्याची घरं, कामाच्या जागेजवळ निवारा. शब्द चांगले आहेत. भाड्याच्या घरांचा विचार झाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्यात सरकारी जमिनींची ‘लँड बँक’ तयार करण्याचीही गोष्ट आहे, आणि माझं सगळं लक्ष त्या कलमाकडे लागलंय.

कारण जमीन अजून आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या आहेत, बंदराची पूर्व किनाऱ्यावरची विस्तीर्ण पट्टी आहे, रेल्वेच्या जागा आहेत, म्हाडाच्या जुन्या वसाहती आहेत. मिठागरं मी यात धरत नाही. पाणी मुरायला शहराला काही जागा सोडावीच लागेल. या प्रत्येक तुकड्याचा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आजची मालकी यांची यादी लिलावाची जाहिरात निघण्याआधी लोकांसमोर यावी. आझाद मैदानावर बसलेल्या गिरणी कामगारांना कुठली जमीन शिल्लक आहे ते तोंडपाठ आहे. यादी करायला कुणाला बोलवायचं, हे मंत्रालयाला त्यांच्याकडून कळू शकतं.