डेटा वेअरहाऊस

डेटा वेअरहाऊस अथवा विदाकोठार म्हणजे व्यवसायसंस्थेच्या निरनिराळ्या विभागांतील माहिती एकत्र आणून विश्लेषणासाठी दीर्घकाळ जतन करणारी संगणकीय व्यवस्था होय. दैनंदिन व्यवहारांच्या डेटाबेसहून तिचे कार्य भिन्न असते. खात्यातून पैसे काढताच बँकेच्या डेटाबेसमधील शिल्लक बदलते; विदाकोठारात मात्र आधीची शिल्लक न पुसता नवी नोंद कालक्रमाने जोडली जाते. त्यामुळे अनेक वर्षांची तुलना शक्य होते.

इतिहास

१९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित कोष्टकांत मांडण्याचे प्रतिमान सुचवले. १९८८ साली त्याच कंपनीतील बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी व्यवसायासाठी विदाकोठाराची रचना मांडली. विषयनिष्ठता, एकात्मता, कालसापेक्षता आणि स्थिरता ही त्याची चार लक्षणे बिल इनमन यांनी सांगितली.

कार्यपद्धती

मूळ डेटाबेसमधून माहिती घेणे, तिचे शुद्धीकरण करणे आणि ती कोठारात भरणे, असे तीन टप्पे असतात. त्यांपैकी शुद्धीकरण निर्णायक ठरते. एकाच ग्राहकाचे आडनाव गृहकर्जाच्या नोंदीत ‘कुलकर्णी’ व वाहनकर्जाच्या नोंदीत ‘कुळकर्णी’ असल्यास संगणक त्यांना दोन व्यक्ती मानतो. परिणामी ग्राहकसंख्या फुगते आणि त्या व्यक्तीवरील एकूण कर्ज बँकेच्या ध्यानात येत नाही. म्हणून नावाबरोबरच जन्मतारीख व ओळखक्रमांकही पडताळले जातात.